‘देऊ काहीतरी’ नको, दर सांगा: प्रदर्शनासाठी बोलावलेल्या मोतद्दार बापलेकांबद्दल

आधी निकाल सांगते, कारणं मागून. प्रदर्शनासाठी घोडे तयार करून देणाऱ्या मोतद्दार मामांना आणि त्यांच्या मुलाला पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो आमच्या पांढऱ्या घोडीच्या, चांदणीच्या, निळ्या शेपटीसाठी आणि पावती न देण्यासाठी. दरासाठी अर्धाही कापलेला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या भागात या मामांचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘माणूस चांगला हाय, पण लई महाग बा.’ निपाणीत पतसंस्थेच्या काउंटरवर माझं आयुष्य गेलं. कुणी काही महाग म्हणालं की माझा हात आपोआप कागद-पेनाकडे जातो. त्यामुळे खाली थोडी आकडेमोड येणार आहे, कंटाळा येत असेल तर तेवढी सोडून वाचा.

हे दोघं संकेश्वरच्या बाजूचे. वडील साठीला टेकलेले, हयात घोड्यांत गेलेली. मुलगा पंचविशीचा. स्वतःचा घोडा नाही, कुणाच्या पागेवर नोकरी नाही. प्रदर्शन, घोडेबाजार, जत्रेतली चालीची स्पर्धा असं काही असलं की बोलावणं येईल तिथं जायचं. अंघोळ, खरारा, केस उतरवणं, आयाळ-शेपूट, खुरांची सफाई, रिंगणाबाहेर घोडा धरून उभं राहणं आणि संध्याकाळी तो पुन्हा नीट टेम्पोत चढवणं, एवढं त्यांचं काम. कायमचा मोतद्दार ठेवणं आमच्यासारख्या दोन घोड्यांच्या घराला परवडत नाही. घरचे गडी उसात आणि गोठ्यात तरबेज, पण घोड्याच्या मागच्या पायाजवळ जायचं म्हटलं की सगळ्यांना अचानक दुसरं काम आठवतं.

आमची घोडी चांदणी, मारवाडी, रंगानं नुकरी, म्हणजे पांढरी. तिचं शिंगरू तुफान अजून आदत, म्हणजे दुधाचे दात शाबूत. घोड्याचे पुढचे दोन दात साधारण अडीच वर्षांचा झाला की पडून पक्के येतात, तोवर त्याला आदत गटात उतरवता येतं. म्हणून यंदा दोघांनाही न्यायचं आमच्या ह्यांनी ठरवलं. प्रदर्शन आमच्याच भागातलं, कृषी मेळाव्याला जोडून भरवलेलं.

आता दराचं. आमच्याकडे घोड्याच्या कामाला दर नसतोच. माणूस बोलवायचा, दोन दिवस राबवायचा, जेवू घालायचं आणि निघताना खिशात हात घालून ‘देऊ काहीतरी’. क्रमांक आला तर पाचशेच्या दोन नोटा आणि एक टॉवेल, नाही आला तर ‘पुढच्या खेपेला बघू’. देणाऱ्याला वाटतं आपण मोठ्या मनाचे. घेणाऱ्याला घरातून निघताना ठाऊक नसतं, की आज हातात दोनशे पडणार की दोन हजार. माझ्या सासऱ्यांची रीत हीच होती आणि त्यांच्या काळात बहुतेकांची हीच होती. घोडी राखणारा माणूस तेव्हा वर्षाच्या धान्यावर घरातच असायचा, दवाखाना-लग्नाला मालक उभा राहायचा, म्हणून ती रीत चालली तरी. आता तो आधार गेला आणि ‘देऊ काहीतरी’ तेवढं शिल्लक राहिलं.

आमच्या ह्यांनी फोनवर तसंच काहीतरी सुरू केलं. वर एक दाखला दिला. माउलींच्या पालखीचे अश्व आपल्याच चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात, आळंदीपर्यंत पायी जातात, वाटेत गावोगावचे लोक हात लावायला मिळावा म्हणून धडपडतात, सेवेचे पैसे कुणी मागत नाही. पलीकडून मामा शांतपणे म्हणाले, ‘मालक, माउलींच्या घोड्याला मीबी पैसे मागणार न्हाई. तुमची घोडी माउली हाय का?’ आमचे हे त्यानंतर फोन माझ्याकडे देऊन अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी मुलानं दरपत्रकाचा फोटो पाठवला. वहीचं पान, एका बाजूला मराठी, मागं कन्नड. जसंच्या तसं देते. एका घोड्याची पूर्ण तयारी, आदल्या दिवशीच्या अंघोळीपासून प्रदर्शन आटपून घोडा टेम्पोत चढेपर्यंत, 2,400 रुपये. त्याच मालकाचा दुसरा घोडा 1,400. फक्त सकाळची तयारी, रिंगणात जाईपर्यंत, 1,000. मशीननं केस उतरवणं, पूर्ण अंगाला 1,500, नुसतं तोंड आणि पाय 500. आयाळीच्या वेण्या 600. मुक्काम असेल तर रात्रीचे दोघांचे मिळून 500 आणि जेवण मालकाकडे. रात्री आठनंतर थांबावं लागलं तर तासाला 200. हजार रुपये आगाऊ, तीन दिवस आधी रद्द केलं तर परत, त्यानंतर नाही. नाल, औषध, डॉक्टर मालकाचं. आणि तळाला, वेगळ्या पेनानं लिहिलेलं: ‘घोडा चावतो किंवा लाथ मारतो हे आधी सांगणे.’

मला हे पान बघून फार बरं वाटलं. पतसंस्थेत कर्जाच्या कागदावरसुद्धा इतकं सरळ लिहिलेलं नसतं.

काम कसं करतात ते सांगते, कारण दर रास्त की नाही ते त्यावरच ठरणार. आदल्या दिवशी दुपारी दोनला मोटारसायकलवरून आले. आल्या आल्या घोडीला हात लावला नाही. लांबूनच ती चालताना बघितली, मग मुलाला म्हणाले, ‘फरशीवरनं फिरव.’ गोठ्यापुढच्या सिमेंटवरून मुलानं तिला दोनदा फिरवलं. मामा जमिनीकडे बघत नुसते ऐकत होते. ‘पुढचा उजवा वाजतोय.’ खूर उचलून बघितला तर नालेचा एक खिळा सैल. मला वाटलं आता हातोडी मागतील. ‘ते माझं काम न्हाई अक्का, नालबंदाला बलवा.’ नालबंद संध्याकाळी आला, त्याचे पैसे वेगळे गेले, ते दरपत्रकात लिहिलेलंच होतं. सैल नाल घेऊन घोडी रिंगणात गेली असती आणि नाल तिथं निसटली असती, तर आमची सगळी मिरवणूक तिथंच आटोपली असती.

मग अंघोळ. पाणी कोमट, आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघितलं. सुरुवात पायांपासून, हळूहळू वर, डोकं सगळ्यात शेवटी आणि तिथं पाणी ओतायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. डावा हात सतत घोडीच्या अंगावर, कामाचा हात उजवा. तंग, म्हणजे जिनाचा पट्टा, जिथं येतो तिथं छातीखाली केसांच्या उलट दिशेनं तळवा फिरवला आणि थांबले. केसांखाली हरभऱ्याएवढी गाठ होती, तंग घासून झालेली. आम्हाला पत्ताच नव्हता. तिथं साबण लावला नाही, दुसऱ्या दिवशी जीनही लावू दिलं नाही, हातात धरूनच दाखवली. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी, मग पाणी निथळायची पट्टी मानेपासून मागं, मग कोरडं फडकं, मग सुती झूल. हे सगळं होईपर्यंत तिन्हीसांजा झाल्या. मध्ये एकदा मी चहा घेऊन गेले तर मुलगा म्हणाला, ‘ठेवा तिथं, घोडी वाळली की पितो.’

आयाळीचं मला वाटलं होतं वेण्या घालतील. वेण्यांनी घोडी नटलेली दिसते, आमच्या सुनेनं रंगीत रिबिनीसुद्धा आणून ठेवल्या होत्या. मामांनी नको म्हटलं. उडीच्या आणि ड्रेसाजच्या, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या, स्पर्धांत वेण्या घालतात, मान स्वच्छ दिसावी म्हणून. देशी घोड्याच्या प्रदर्शनात बघणाऱ्याला आयाळ बघायची असते, ती मोकळी सोडायची. आपलेच सहाशे रुपये माणसानं आपल्या तोंडानं सोडले. ‘महाग’ म्हणणाऱ्यांनी हे कुठंतरी लिहून ठेवावं.

ओठांभोवतीच्या लांब मिशाही आम्ही कापा म्हटलं तरी त्यांनी कापल्या नाहीत. घोड्याला नाकासमोरचं, तोंडाखालचं धड दिसत नाही. चंदी म्हणजे दाणा, पाणी, गव्हाण सगळं तो त्या मिशांनी चाचपतो. बेंगळुरात घोडेस्वारी शिकणारा माझा भाचा त्या दिवशी आलेला होता, त्यानं सांगितलं की आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं 1 जुलै 2021 पासून या मिशा काढायला बंदीच घातलीय, काढलेला घोडा स्पर्धेतून बाद. मामांना महासंघाचं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, ‘बरं झालं, आता मालकांस्नी सांगायला एक कागद मिळाला.’

चकाकीचा फवारा त्यांच्या पेटीत होता. अंगाला मारला, पण पाठीवर जीन बसतं तेवढी जागा सोडून, आणि चांदणीला जीन लागणारच नव्हतं तरी. सवयच तशी, कारण तिथं फवारा पडला की जीन सरकतं आणि वरचा माणूस खाली येतो. खुरांना तेल मात्र मैदानावर पोचल्यावर, रिंगणात जायच्या अगदी आधी. घरून लावून नेलं असतं तर वाटेतली सगळी धूळ तिथंच चिकटली असती.

पहाटे साडेतीनला दोघं उठले. उजाडायच्या आत टेम्पो निघाला. मैदानावर उतरवल्यावर मामांनी घोडीच्या जबड्याखाली दोन बोटं लावून घड्याळाकडे बघत नाडी मोजली. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 च्या दरम्यान असते, तिची बरीच वर होती. पाणी थोडं थोडं दाखवलं, नाडी खाली येईपर्यंत चंदीचा तोबरा बांधला नाही. आमचे हे घाई करत होते, त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

आणि मग वाट बघणं. नुकऱ्या घोड्यांचा गट पत्रिकेवर सकाळी दहाचा. प्रत्यक्षात झाला दुपारी साडेतीनला, कारण पाहुणे उशिरा आले, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर. ‘उभं राहायचे कसले पैसे घेतो हा?’ असं शेजारच्या टेम्पोवाल्या मालकानं मला विचारलं. त्याला मी सांगितलं, जरा इकडे उभे राहून बघा. हलगी वाजत होती, पोरं घोड्यांच्या मागून पळत होती, पलीकडचा एक वळू घोडा मादीचा वास लागून मालकाला फरफटत आमच्याकडे यायला लागला. मामांनी चांदणीचं तोंड त्याच्याकडे आणि मागची बाजू दुसरीकडे फिरवली, स्वतः तिच्या डाव्या खांद्याला लागून उभे राहिले आणि तोंडानं बारीक आवाजात काहीतरी पुटपुटत राहिले. तिचे कान दोन-तीनदा मागं गेले, पुन्हा पुढं आले. मारवाडी घोड्याचे कान उभे राहून टोकं एकमेकांना टेकतात ना, तशी टेकेपर्यंत मामांनी तिची दोरी सैल केली नाही. मुलगा तोवर तुफानला घेऊन लांब लिंबाखाली गेला होता. साडेपाच तास हे चाललं होतं. माझे पाय नुसतं बघून दुखले.

आता हिशेब. पहिला घोडा 2,400, दुसरा 1,400, तुफानचे तोंड-पाय मशीननं 500, एक मुक्काम 500, रात्री आठ ते दहा जादा दोन तास 400. एकूण 5,200 रुपये. लोक इथंच थांबतात आणि ‘बाप रे’ म्हणतात. पुढं चला. आदल्या दिवशी दुपारी दोन ते रात्री नऊ, सात तास. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीन ते रात्री दहा, साडेअठरा तास. एका माणसाचे साडेपंचवीस, दोघांचे 51 तास. खर्च मी मुलाला खोदून विचारला: पेट्रोल, शाम्पू, तेल, फवारा, मशीनच्या पात्याला धार, सगळं धरून या खेपेचा सहाशेच्या घरात. उरले 4,600. त्याला 51 नं भागा. तासाला 90 रुपये येतात.

आमच्या घराचं प्लास्टर यंदाच केलं. गवंड्याची हजेरी हजार रुपये, आठ तासांची, मध्ये जेवणाची सुट्टी. म्हणजे तासाला 125. त्याला भिंत लाथ मारत नाही, आणि पहाटे साडेतीनला या असं त्याला सांगायची आमची छाती नाही. माझा पुतण्या कारखान्यात आहे, त्याला ठरलेल्या तासांवर काम झालं की दुप्पट दर मिळतो आणि तो कायदाच आहे. मामा रात्री आठनंतर 200 मागतात ते दोघांचे मिळून, म्हणजे माणशी शंभर. दुप्पट कसलं, जेमतेम दिवसाच्याच दराला चिकटलेलं.

यात अजून एक धरलेलं नाही, ते म्हणजे रिकामे महिने. हे काम मोसमी. दिवाळीनंतर अकलूजचा घोडेबाजार, मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेडा, त्याच सुमारास नांदेडकडची माळेगावची खंडोबाची यात्रा, मग माघात आमच्या चिंचलीच्या मायाक्काची जत्रा आणि गावोगावच्या शर्यती. सगळी धावपळ चार-पाच महिन्यांत. पुढं लग्नसराईत वराच्या घोड्यांची थोडी कामं, आणि पावसाळ्यात दोघं दुसऱ्याच्या रानात मजुरीला. वर्षाचं पोट त्या चार-पाच महिन्यांवर असेल, तर त्या दिवसांचा दर नुसत्या रोजंदारीएवढा ठेवून भागत नाही. भाजीवालासुद्धा सडलेल्या मालाची किंमत चांगल्या मालात धरतो.

याच्या आधी एका ठेकेदारामार्फत माणूस मागवला होता. ठेकेदारानं 2,000 घेतले, घोडा तयार करायला आलेल्या पोराच्या हातात 600 टेकवले. हे मला त्या पोरानंच सांगितलं, तेही दुपारी जेवायला वाढल्यावर. सकाळपासून तो उपाशी होता, ठेकेदारानं ‘मालक बघतील’ म्हणून पाठवलेलं. त्यानं काम वाईट केलं असं म्हणणार नाही, पण त्याच दिवशी त्याला आणखी दोन मालकांचे घोडे दिलेले होते, आमच्या वाट्याला आला तेव्हा खरारा करायलाही त्याच्या हातात जोर राहिला नव्हता. ठेकेदाराचा दर मामांपेक्षा चारशेनं कमी दिसतो, म्हणून लोक तिकडे जातात.

मामांच्या दरपत्रकात मला एकच ओळ चुकीची वाटते, आणि ती आपल्या फायद्याची आहे. दुसऱ्या घोड्याचे 1,400. शाम्पू तेवढाच लागतो, अंग तेवढंच मोठं, वेळ तेवढाच जातो. वाचतो तो फक्त येण्याजाण्याचा खर्च. हजाराची सूट कशासाठी? यात आपलं नुकसानही होतं. चांदणीचा गट लांबत लांबत आदत गटाला येऊन भिडला. मामा घोडीबरोबर अडकले, तुफान एकट्या पोराच्या हातात. तो रिंगणात गेला तेव्हा पायांना धूळ, आणि खुरांना तेल लागलंच नव्हतं. तेवढ्यामुळे क्रमांक गेला असं मी म्हणणार नाही, त्याच्यापेक्षा उंच आणि देखणी शिंगरं तिथं होती. पण दोन घोडे नेणार असाल तर 1,400 वर खूश होऊ नका, मामांना आणखी एक माणूस आणायला सांगा आणि त्याची हजेरी द्या.

चांदणीचा तिसरा क्रमांक आला. आता बक्षिसातल्या वाट्याचा प्रश्न. काही मालक मोतद्दाराला कमी दर ठरवतात आणि ‘बक्षीस लागलं तर चौथाई तुझी’ म्हणतात. ऐकायला गोड. पण घोड्याची उंची, कान, चाल, मान हे मोतद्दाराच्या हातात नसतं, आणि परीक्षकाच्या मनात काय चाललंय ते तर कुणाच्याच नसतं. त्याच्या हातात असतं ते त्यानं सकाळीच करून दिलेलं असतं. आमच्या ह्यांनी बक्षिसातले पाचशे पुढं केले, ते मामांनी कपाळाला लावून घेतले. पण हिशेबाचे 5,200 आधीच चुकते करून घेतले होते, आणि क्रमांक आला नसता तरी तेवढेच घेतले असते. दर वेगळा, खुशी वेगळी. मला हे पटलं.

आता कापलेला तारा. पांढऱ्या घोड्याच्या शेपटीला शेण-मुताचे पिवळे डाग पडतात, ते घालवायला शेवटच्या पाण्यात किंचित नीळ टाकतात. आपण धोतराला टाकतो तीच. मुलगा मोबाइलवर बोलता बोलता नीळ ओतत होता. संध्याकाळच्या उजेडात काही कळलं नाही. पहाटे बल्बखाली बघितलं तर शेपटीच्या टोकाला चक्क आकाशी झाक. मामांनी मुलाला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तासभर धुऊन बरीच निघाली, सगळी नाही. एका परीक्षकानं शेपूट हातात घेऊन माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुढं गेले. मामांनी हिशेबाच्या वेळी आपणहून शंभर रुपये कमी करायची तयारी दाखवली. मी घेतले नाहीत, कारण मला शंभर रुपये नको होते, पांढरी शेपूट हवी होती.

दुसरं, पावती देत नाहीत. पैसे मात्र फोनवरून घेतात, त्यामुळे नोंद राहते, पण कशाचे किती हे त्यात येत नाही. दरपत्रक इतकं नेटकं लिहिणाऱ्यानं त्याच वहीतल्या दुसऱ्या पानावर झालेलं काम लिहून सही करून द्यावं, दोन मिनिटांचं काम आहे. मुलाला मी नमुना करून दिलाय.

सीमेपलीकडे नेणार असाल त्यांच्यासाठी. आम्ही अकलूजचं विचारलं तेव्हा मामांनी दराच्या आधी कागद विचारले. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात घोडा न्यायचा तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा आरोग्य दाखला आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल. ग्लँडर्स हा आजार घोड्यापासून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि तपासणीत सापडलेलं जनावर कायद्यानं मारावं लागतं. दिवसभर घोड्याच्या नाकातोंडाशी हात असतो तो मोतद्दाराचा, मालक खुर्चीवर असतो. त्यामुळे अहवाल नसेल तर मामा कितीही पैसे दिले तरी येत नाहीत. लांबच्या बाजाराला दर घोड्यावर नाही, दिवसावर: दोघांचे दिवसाला 2,500, जाण्यायेण्याचे दिवस धरून, प्रवास आणि जेवण मालकाचं. जाण्यायेण्याचे दिवस कशाला, असं विचारू नका. हलत्या टेम्पोत रात्रभर घोड्याजवळ कोण उभं असतं ते एकदा मागं जाऊन बघा.

बोलावणार असाल तर फोन रात्री आठनंतर करा, दिवसा उचलत नाहीत, हात ओले असतात. कार्तिक ते माघ यातल्या तारखा दसऱ्यालाच भरतात. ‘अक्का, मामा’ म्हणून गोड बोलून दर खाली येत नाही, प्रयत्न झालेला आहे. घोडा चावत असेल तर खरं सांगा, त्यासाठी जादा पैसे घेत नाहीत, फक्त मुलाऐवजी स्वतः पुढं होतात. चंदीत गूळ किती घालता, कडबा कुठला, शेवटची नाल कधी मारली हे विचारतील, उत्तरं तयार ठेवा. आणि घोडा पांढरा असेल, तर नीळ तुमच्या हातानं टाका.